निशाणी बांगडी

शहागडच्या पुलाआधी ट्रक बंद पडल्यानं आमची एसटी अडकली होती. तिथंच भाच्याचा, सुधीरचा, फोन आला. "मामा, आई गेली..." मी बीडहून जालन्याला तिलाच पाहायला निघालो होतो. पुढं बस सुटली, तेव्हाही मी तिच्याकडेच जात होतो; भेट तेवढी राहिली.

सुमनअक्का माझी थोरली बहीण. जुन्या जालन्यातल्या शाळेत मराठी शिकवायची. १९८१ साली वर्गातल्या एका मुलीच्या वहीचं कव्हर तिनं निरखून पाहिलं, तर ते निजामाच्या काळातलं हातानं लिहिलेलं खरेदीखत. मुलीला नवं कव्हर घालून देऊन तिनं तो कागद घरी आणला आणि तिथून तिला नादच लागला. मोडी वडिलांनी शिकवली होती, उर्दू तिनं शाळेतल्या मुस्लिम शिक्षिकेकडून, बाजींकडून, शिकून घेतली. सुट्टीत वाटूर-परतूरकडं जायची, लोकांनी माळ्यावर टाकलेली वाटणीपत्रं, बक्षीसपत्रं, कोर्टाचे फैसले मागून आणायची. भाऊजी हसायचे, "आमच्या घरात मेलेले वादी-प्रतिवादीच जास्त."

मी एकदा वैतागून विचारलं, "अक्का, काय शोधून राह्यलीस एवढं?" तिनं एका खताच्या तळाशी बोट ठेवलं. बाईच्या नावापुढं शाईचं वेडंवाकडं वर्तुळ होतं. "ही बांगडी. लिहिता येत न्हाई त्या बाईची सही. शेतकऱ्यानं नांगर काढायचा, बाईनं बांगडी. बापू, हिची जगात एवढीच खूण राह्यली असंल. ती रद्दीत जाऊ द्यायची?"

भाऊजी गेले, ती निवृत्त झाली, आणि मग लकवा आला. उजवा हात गेला, वाचा गेली, अक्षरं ओळखू येईनात. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला सुधीर आणि मी तिला बँकेत नेलं. तिनं डाव्या हातात पेन धरलं आणि सहीच्या जागी हळूहळू एक वर्तुळ काढलं. "मावशी, गोळा नको, सही करा," कारकून म्हणाला. मी म्हणालो, "सहीच आहे ती." पण त्याचा तरी काय दोष... त्यानं शाईचा पॅड पुढं केला. अक्कानं हात मागं ओढला. शेवटी सुधीरनंच तिचा अंगठा धरून टेकवला. रिक्षात ती तो काळा अंगठा पदराला पुसत राहिली, आणि मला तिच्याकडं बघवेना.

ती गेल्यापासून महिन्याकाठी मी जालन्याला तिच्या खोलीत जातो, कागदांतला कडुनिंबाचा पाला बदलतो. मला ना मोडी येते, ना उर्दू. परवा दारात वाटूरचे एक म्हातारे गृहस्थ उभे होते, काखेत कापडात गुंडाळलेला कागद.

"बाई हायेत का? आज्याचं खत वाचून घ्यायचं व्हतं."

मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. "बाई आता नाहीत," मी म्हणालो. त्यांना वाटलं, बाई बाहेर गेल्यात.

"येऊ द्या सावकाश," ते म्हणाले, "मला काई जल्दी न्हाई. बसतो मी."