मुठ्याच्या तीन रांगा

जयवंतमास्तर संशयी आहेत, हे मुठा गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रिक्षावाल्यानं "या मास्तर, सोडतो" म्हटलं, तर हे आधी वाकून आत कोण कोण बसलंय ते बघणार. लग्नाची पत्रिका आली, तर तारीख राहिली बाजूला. पाकिटावर आपलं नाव नीट लिहिलंय की नुसतं 'सहकुटुंब' टाकून मोकळे झालेत, ते आधी तपासणार. त्यांच्या बायकोनं, प्रभावतीनं, यावर एकच वाक्य ठरवून ठेवलं होतं. "ह्यांच्या दारात सूर्य उगवला, तरी इचारतील, तुला कुनी धाडला?"

पण वाद्याला माणूस पक्का. लष्करातल्या एका पलटणीच्या बँडात बावीस वर्षं क्लॅरिनेट वाजवून, हवालदार होऊन ते गावी आले आणि विहारामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी अकरा जणांचा ब्रास बँड उभा केला. पुठ्ठ्याच्या जाड वहीत पाच-पाच रेघा आखून, त्यांवर टिपके मांडत, ते प्रत्येक चाल स्वतःच्या हातानं लिहायचे. कवायतीचे विलायती मार्च आणि जयंतीची गाणी एकाच वहीत पाठोपाठ नांदत. फक्त एक खोड होती. कुठल्याही चालीचा शेवटचा तुकडा ते कधी लिहीत नसत. तो त्यांच्या डोक्यात.

"दुसरा बँडवाला वही उचलून न्हेईल," ते म्हणायचे. "न्हे म्हनावं. वरात मांडवाच्या दारात आली, की कळंल त्याला, शेवट कुटं हाय ते."

दुधानं तोंड पोळलं, की माणूस ताकही फुंकून पितो. मास्तरांचं तोंड कुठं पोळलं होतं, ते सांगायला हवं. त्यांची आई चंद्राबाई दर जयंतीला विहारात पाळणा म्हणायची. शब्द सगळ्या बायांचे, पण चाल तिची एकटीची, आणि ती तिला कुणी शिकवली नव्हती. नोकरीत असताना मास्तरांनी ती चाल पलटणीच्या बँडसाठी लिहून काढली आणि एका समारंभात वाजवायची परवानगीही मिळवली. आई पांढरं लुगडं नेसून, दोन गाड्या बदलून तिथवर गेली. "तुमचं शेवटी घेऊ," असं वरून सांगण्यात आलं. शेवट आला तेव्हा मोठे साहेब जेवायला उठले, साहेबांमागं सगळे उठले, आणि बँडला 'बस' असा हुकूम झाला. मागच्या खुर्चीवरून आईनं विचारलं, "झालं व्हय रं?" त्यावर मास्तरांनी 'हो' म्हणून मान हलवली. पुढं तीन वर्षांनी, मास्तर नोकरीतच असताना, ती गेली. ती चाल बँडवर कशी वाजते, ते तिनं कधीच ऐकलं नाही. 'शेवटी घेऊ' हे दोन शब्द तेव्हापासून मास्तरांच्या कानाला चालेनात.

असा हा माणूस, आणि त्याच्या शेडपुढं एक दिवस पांढरी गाडी येऊन थांबली. तिच्यातून अभय उतरला. हा बँडात ट्रम्पेट वाजवायचा आणि पोटासाठी लवळ्याच्या टेकडीवरच्या एका विद्यापीठात कँटीन सांभाळायचा. त्याच्यामागून तिशी-पस्तिशीची, आखूड केसांची एक बाई उतरली. नाव जान्हवी. विद्यापीठातला चाळीस पोरापोरींचा वाद्यवृंद ती चालवायची. व्हायोलिन, चेलो, बासरी असं सगळं विलायती काम. कँटीनमागं अभय सराव करत असताना तिनं तो पाळणा ऐकला होता.

"मास्तर, मी एक कार्यक्रम बांधतेय," ती म्हणाली. "नुसत्या पाळण्यांचा. एक जपानी, एक सिंहली, दोन युरोपातले. पण सुरुवात मला तुमच्या आईंच्या पाळण्यानं करायचीय. तुमचा बँड आणि माझी मुलं एकत्र वाजवतील, आणि समोर उभं राहून चालवायचं तुम्ही."

मास्तरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. जपानी बायका पोरांना काय म्हणून निजवतात, याच्याशी आपल्या आईचा काय संबंध? आणि एवढं शिकलेली बाई, पुण्यात ढीगभर वाजवणारे सोडून मुठ्यात कशाला येईल? कुठंतरी पाणी मुरत होतं. तिनं वहीचा फोटो काढू का म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी वही मिटून मांडीखाली घेतली.

"चाल तुमी लिवून घेनार, आन कागदावर नाव कुनाचं छापनार?"

"चंद्राबाईंचं," ती म्हणाली. "त्याखाली वाद्यरचना तुमची."

मास्तर मग अभयवरच उखडले. पण त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. आईनं ऐकलं नाही, ते आता भरून येणार नव्हतं. पण तिच्याबरोबर पाळण्याला उभ्या राहणाऱ्या बाया अजून होत्या, प्रभावती होती. आयुष्यभर त्यांचा बँड वरातीत चालत वाजला, फटाक्यांच्या आवाजात, नाचणाऱ्यांच्या पायात. आपल्या माणसांनी चांगल्या खुर्चीत बसून, शांतपणे, एकदा तरी हे ऐकावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी ते हो म्हणाले.

तालमी सुरू झाल्या. पहिल्याच दिवशी फाटकावरच्या पहारेकऱ्यानं अकरा जणांची ओळखपत्रं मागितली, मागून आलेली एक गाडी मात्र तशीच आत सोडली. मास्तरांनी ते मनात लिहून ठेवलं. आतमध्ये मात्र पोरं उठून उभी राहिली आणि "नमस्ते सर" म्हणाली. मास्तरांनी त्यातही काही खोट दिसते का ते पाहिलं. तिसऱ्या तालमीला पोरं वाजवत वाजवत एका जागी आली आणि व्हायोलिनवाल्यांचे गज हवेतच थांबले.

"मास्तर, हे संपत नाहीये," जान्हवी कागद उलटत म्हणाली.

अभयला हसू आवरेना. चाळीस पोरं तोंडाकडं बघत बसलेली. मास्तरांनी घसा खाकरला, खिशातून पेन काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा शेवटचा तुकडा कागदावर लिहून दिला. लिहिताना दुसऱ्या हातानं त्यांनी कागद झाकला होता. हे त्यांनी नंतर कबूल केलं नाही, पण अभयनं पाहिलं होतं.

मग कार्यक्रमपत्रिका छापून आली. पहिल्याच ओळीत पाळणा, चंद्राबाईंचं नाव, खाली मास्तरांचं. दुसऱ्या कुणी ती फ्रेम करून भिंतीला लावली असती. मास्तरांनी ती उजेडात धरली आणि म्हणाले, "खरंच पैल्यालाच टाकलं व्हय!"

"सुरुवातीचा मान आहे, मास्तर."

"म्याडम, बावीस वर्सं कार्यक्रम वाजवलेत मी. पैला आयटम म्हंजी खुर्च्या सरकवायचा. लोक बसत्यात, पोरं रडत्यात, मोठी मानसं तर आलेलीच नसत्यात."

"आमच्याकडे तसं नसतं. सहा म्हणजे सहा. सहाला दारं बंद होतात, मग मध्यंतरापर्यंत कुणालाही आत घेत नाहीत. तुमच्या लोकांसाठी मी तीन रांगा राखल्यात."

'सहा म्हणजे सहा' हे मास्तरांनी एवढ्या वेळा ऐकलं होतं, की त्याचा अर्थ 'सात' होतो हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी पत्रिका घडी घालून खिशात टाकली. घरी आले आणि प्रभावतीला म्हणाले, "टेम्पोवाल्याला सांग, साडेसाच्या बेतानं पोचव. लवकर जाऊन म्हाताऱ्या बायांनी दाराशी ताटकळायचं न्हाई. मोठी मानसं आल्याबिगर त्ये सुरू करत न्हाईत. आन केलंच, तर मी मधी दोन मार्च घालून येळ काढतो."

कार्यक्रमाच्या दिवशी सहाला दोन मिनिटं कमी असताना मास्तर पडद्याआडून सभागृहात पाहत होते. एखाददुसरी सोडता सगळ्या खुर्च्या भरलेल्या. मधल्या तीन रांगा मात्र पूर्ण रिकाम्या, प्रत्येक रांगेच्या टोकाला 'मुठा' असं लिहिलेला कागद. सहा वाजले. दोन्ही दारं बंद झाली. दिवे मंद झाले.

मास्तर रंगमंचावर आले खरे, पण हातातली बॅटन, ताल दाखवायची ती काडी, वर जाईना. नजर त्या तीन रांगांवर. सगळी चारशे माणसं आली आणि आपलीच तेवढी आली नाहीत, हे कसं होईल? साडेसहाचा आपलाच निरोप आणि वेळ काढायचे दोन मार्च त्या घडीला डोक्यातून पार उतरले होते. फाटकावर अडवली असणार. टेम्पोतून आलेल्या बाया बघितल्या आणि परतवलं असणार. बंद दाराशी त्यांच्या घराची ओळख जुनी होती. आजोबांनी गावातल्या देवळाचं दार उभ्या जन्मात बाहेरूनच पाहिलं होतं. मास्तरांच्या कानशिलातली शीर उडायला लागली. त्यांनी बॅटन कागदांवर ठेवली, पायऱ्या उतरले आणि चारशे माणसांदेखत थेट मागच्या दाराशी गेले.

"अंकल, अभी नहीं खुलेगा," दारावरचा पहारेकरी म्हणाला.

"आमची मानसं का आडवली?" मास्तर ओरडले आणि दार ओढून उघडलं.

बाहेर पायऱ्यांवर सुटाबुटातले एक वयस्कर गृहस्थ आणि रेशमी साडीतल्या त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. विद्यापीठाचे विश्वस्त. दोन मिनिटं उशीर झाला म्हणून त्यांनाही बाहेर ठेवलेलं. गृहस्थ ओशाळं हसले आणि म्हणाले, "आमचीच चूक आहे." मुठ्याचं मात्र चिटपाखरू नव्हतं.

मास्तरांनी फोन लावला. पलीकडून प्रभावतीचा आवाज आला, इंजिनाच्या घरघरीत. "आत्ताशी उरवडं मागं पडलं. का वो? साडेसाला पोचायचं तुमीच म्हन्ला ना?"

मास्तर तिथंच उभे राहिले. कुणी अडवलं नव्हतं, कुणी परतवलं नव्हतं. या वेळी दार त्यांनीच बंद करून घेतलं होतं, आणि तेही आपल्या माणसांवर. त्यांना स्वतःचा असा राग आला, की डोळ्यांत पाणी आलं.

जान्हवी रंगमंचावरून उतरून जवळ आली. काय झालंय ते तिनं ऐकलं. क्षणभर विचार करून हळू आवाजात म्हणाली, "मास्तर, तुमचा पाळणा आपण शेवटी घेऊ."

मास्तर ताठ झाले. "शेवटी म्हंजी न्हाईच. मला ठावं हाय."

"माझा सगळा कार्यक्रम उलटा होतोय त्यानं. तरी घेऊ."

"शबूद देता?"

"दिला, तर तुम्ही विश्वास ठेवणार आहात का?"

प्रश्न रोखठोक होता. आत्ता वाजवायचं तर हातातलं होतं, पण ऐकायला तीन रिकाम्या रांगा. शेवटी वाजवायचं तर सगळं या पोरसवदा बाईच्या हातात. मास्तरांनी पुन्हा एकदा त्या तीन रांगांकडं पाहिलं. मग म्हणाले, "घ्या शेवटी." दार पुन्हा बंद झालं. विश्वस्त बाहेरच राहिले, हे मास्तरांनी पाहिलं.

मध्यंतरापर्यंत ते त्या तीन रांगांच्या मधोमध एकटे बसले. एस.टी.त जागा धरावी तसा शेजारच्या खुर्चीच्या हातावर त्यांनी रुमाल टाकला होता. जपानी पाळणा झाला. त्यात एक सूर सारखा खाली येऊन थबकत होता, झोप आलेल्या पोराची मान पडावी तसा. युरोपातला एक संथ पाळणा झाला. ही बाई एकाला दुसरा कसा जोडते, ते मास्तरांना उमगायला लागलं होतं. पहिल्या जागेवर आईचा असता तर ही माळ कशी ओवली गेली असती, हेही कळलं. मग जास्तच वाईट वाटलं.

मध्यंतरात दारं उघडली आणि मुठ्याची माणसं आत आली. पुढं प्रभावती, तिच्यामागं पांढऱ्या साड्यांतल्या म्हाताऱ्या बाया. विश्वस्त त्यांच्या पुढच्या रांगेत जाऊन बसले. उत्तरार्ध लांबला. शेवटून दुसरा तुकडा चालू असताना त्या विश्वस्तांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. ते मास्तरांच्या नजरेतून सुटलं नाही. पण तुकडा संपला, आणि जान्हवीनं माइकवर चंद्राबाईंचं नाव घेतलं.

मास्तर उभे राहिले. तोंड वादकांकडं, पाठ सगळ्या सभागृहाकडं. बॅटन वर गेली. अभयच्या ट्रम्पेटनं चाल उचलली, तिच्याखाली व्हायोलिनं आली. दुसऱ्या कडव्याला मागं आवाज झाला, खटाक्. माणूस उठला की या खुर्चीची बैठक आपोआप मिटते, तो आवाज. मास्तरांनी ओळखलं, विश्वस्त उठले. लगेच दुसरी खुर्ची वाजली. मग तिसरी, मग एकापाठोपाठ एक, मोजता येईनात इतक्या. एक उठला की मागनं सगळे उठतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. समोर अभयचे डोळे भरून आले होते. त्याला मागचं सगळं दिसत होतं, पण तोंडात ट्रम्पेट.

मास्तर वळले नाहीत. जातायत तर जाऊ देत, त्यांनी मनात म्हटलं. आई, हे तुला. आणि पन्नास वाद्यांना हाताशी धरून, शेवटच्या तुकड्यापर्यंत, ते थांबले नाहीत. शेवटचा सूर विरला. मग त्यांनी स्वतःला कसंबसं मागं वळवलं.

कुणीही गेलं नव्हतं. विश्वस्त जागेवर बसले होते, बाकीचं सभागृहही बसलेलं होतं. उभ्या होत्या फक्त मुठ्याच्या तीन रांगा. सगळ्या बाया डोक्यावर पदर घेऊन उभ्या, आणि प्रभावतीचा उजवा हात अजून पाळण्याची दोरी ओढावी तसा हलत होता.

टाळ्या थांबल्यावर मास्तर खाली उतरून तिच्यापाशी गेले. "उटलात कशाला?" त्यांनी विचारलं. "एवढ्या चांगल्या खुर्च्या व्हत्या."

प्रभावतीनं पदरानं डोळे पुसले आणि नवऱ्याकडं नवलानं बघितलं.

"सासूबाईंचा पाळना," ती म्हणाली, "आन तो बसून ऐकायचा व्हय?"