झेंडूचा चोथा

आमचे हे युनिव्हर्सिटीत रसायनशास्त्र शिकवायचे. रिटायर झाल्यावर त्यांना गंगेची काळजी वाटायला लागली. मंगला गौरीच्या देवळातलं निर्माल्य नदीत सोडणारे सगळे अडाणी, हे ते भेटेल त्याला ऐकवायचे. गल्लीतल्या हलवायाच्या भट्टीची धग फुकट जाते, म्हणून भट्टीच्या मागच्या भिंतीला त्यांनी पत्र्याचं कपाट बसवून घेतलं. त्या धगीवर देवळातला झेंडू वाळवायचा आणि तिथेच, माझ्या पातेल्यात, शिजवून पिवळा रंग काढायचा. रंग सुरेख निघाला, खोटं कशाला बोलू. रंगवलेले रुमाल पाहुण्यांना दाखवताना यांची मान काय ताठ व्हायची.

एकदा मी म्हटलं, उरलेला चोथा कुंड्यांत घाला, खत होईल.

"अगं, देवाची फुलं ती," हे दचकून म्हणाले. "कुंडीत मांजर बसतं."

मग त्या चोथ्याचं हे करतात काय, ते दुसऱ्या दिवशी कळलं. आंघोळ करून, बादली घेऊन, शास्त्रज्ञ घाटावर निघाले होते.

पूर्वी गंगेला निदान फुलं मिळायची. आता रंग आम्ही ठेवून घेतो आणि तिला चोथा वाढतो, तोही हात जोडून.