अनाथ प्रोसेस

मी इंजिनिअरिंगच्या पोरांना कम्प्युटर शिकवतो. सांगितलं तेवढंच मशीन करतं, हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलोय... त्यामुळं कुणी भुताखेताचं बोलायला लागलं की मला हसूच यायचं. तरी हे लिहितोय, कारण ते घडलं त्या दुपारी मी लॅबमध्येच मागं बसलेलो होतो.

आमचं कॉलेज पडेगावच्या पुढं, दौलताबाद रोडला. ऑपरेटिंग सिस्टिमचा विषय देशमुख सरांकडं. माणूस हुशार, पण जीभ लई विखारी. नवी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, कशी जन्माला येते, ते दाखवत होते. चालू प्रोग्राम स्वतःची हुबेहूब नक्कल करतो – मूळ तो पालक, नक्कल ते लेकरू. लेकराला वेगळा नंबर मिळतो, आणि आपला पालक कोण हे त्याला विचारता येतं.

"अन् पालक आधीच मेला तर? लेकरू अनाथ! आपल्या कल्याणीसारखं."

वर्ग हसला. कल्याणी कन्नड तालुक्यातली. आईवडील घाटात जीप उलटून गेलेले.

"उभी राहा. कुणी सांभाळलं तुला?"

"मामानं, सर."

"बघा! सिस्टिममध्येपण असाच एक मामा असतो – एक नंबरची प्रोसेस. सगळी बेवारस पोरं त्याच्या गळ्यात."

पुन्हा हशा. ती मान खाली घालून उभीच.

सरांनी प्रोजेक्टरवर प्रोग्राम चालवला. लेकरानं फक्त पालकाचा नंबर छापत राहायचं, एवढंच त्याचं काम. सरांनी पालक बंद केला. नंबर बदलून एक झाला. बरोबर होतं. पण त्याच्याखाली मराठीत एक ओळ उमटली –

बाबा अजून आले नाहीत.

सर कल्याणीवरच धावले. "तूच केलंस ना हे?"

"नाय सर, मी तर उभी आहे... हातपण नाय लावला."

"चल, नीघ बाहेर! मामाला आणल्याशिवाय वर्गात पाय ठेवायचा नाही."

तास संपला आणि सर लेकीला शाळेतून आणायला निघाले. पार्किंगमध्ये हातात हेल्मेट घेऊन तसेच कोसळले. आम्ही उचललं तेव्हाच सगळं संपलं होतं. त्यांच्या खिशातला फोन वाजत होता, मी घेतला. शाळेतल्या मॅडम होत्या. "सर, रेवा रडतीय हो. बाबा अजून आले नाहीत म्हणून..."

नंतर मी तो प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला. नंबर सोडून त्यात काही नव्हतं. मशीन नेटवर्कला जोडलेलं नव्हतं, त्याच्यावर मराठीचा फाँटसुद्धा नव्हता. मी हे सगळ्यांना सांगितलं, पण कुणी ऐकेना. कल्याणीनं करणी केली म्हणून हॉस्टेलच्या पोरींनी तिची गादी बाहेर फेकली. ती सरांच्या घरी भेटायला गेली, तर सरांच्या आईनं माझ्यादेखत तिला दारातून ढकललं. "खाल्लंस माझ्या लेकराला!" कल्याणीनं कॉलेज सोडलं.

आता ती बिडकीनला एका कंपनीत आहे. परवा मी फोन केला. म्हटलं, तू काही केलं नाहीस, हे मला माहीत आहे.

ती म्हणाली,

"सर, हात खरंच नाय लावला. पण सगळे हसत होते ना... तेव्हा मनात आलं होतं, यांच्या लेकीलापण कळू दे."

मी फोन ठेवला. सरांचा तो विषय आता माझ्याकडं आलाय. पोरांना सगळं शिकवतो... पण ती ओळ कुठून आली, हे मला आजही सांगता येत नाही.