त्या खेळात व्हायरस नव्हता

ही गोष्ट माझ्या पोटात आहे आणि पोटातच राहणार होती. नवऱ्याला ठाऊक नाही, मुलाला नाही, माहेरी तर नाहीच. तुम्हाला सांगतेय कारण — कारण तुम्ही आमच्या घरातले नाही, एवढंच.

आधी थोडी माझी शेखी ऐका. आसनगावहून रिक्षाने आत गेलं की आमचं गाव. तिथे मुलांसाठी मोबाइलवर, कम्प्युटरवर कुठला खेळ घ्यावा हे विचारायला बायका माझ्याकडे येतात. मी कल्याणची, पदवीधर, शिकवण्या घेते — गावाच्या लेखी शहाणी. ‘काकी, पोराचं डोकं चालंल असा गेम सांग गो.’ मग मी सांगते. घड्याळ धावतं तो नको, पोर घाबरतं. मध्येच जाहिराती येतात तो नको. चुकलं तर मागे जाता आलं पाहिजे. आणि मुख्य म्हणजे ज्यात फार वाचावं लागतं तो घेऊच नका, त्यात पोराचं डोकं कळत नाही, फक्त भाषा कळते. बायका माना डोलावतात. हे हिला कुठून कळलं, असं आजवर एकीनंही विचारलेलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? काहीतरी थापच मारली असती.

ओंकार माझा मुलगा आणि रोशनी माझ्या मोठ्या दिरांची मुलगी. दोघं एकाच वर्षाची, एका ताटात जेवून वाढलेली. ओंकारला मी हट्टाने शहापूरच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं, तेव्हा घरात बरीच कुरकुर झाली होती. रोशनी गावच्या मराठी शाळेत. दोघं चौथीत होती तेव्हा ह्यांच्या ऑफिसातला एक जुना कम्प्युटर आमच्या घरी आला. त्यावर मुलांना डोक्याचे खेळ आणून द्यायचं काम अर्थातच माझं. दुसरं होतं कोण शिकलेलं?

पहिला खेळ मी चांगला निवडला होता. एक छोटा माणूस, एक गोदाम, काही खोके. खोके ढकलत खुणेच्या जागी न्यायचे. ढकलता येतात, ओढता येत नाहीत, त्यामुळे कोपऱ्यात गेला की अडकलाच. एक अक्षर वाचायचं नाही. ओंकार बसला की बटणं ताडताड वाजायची, आणि खोका अडकला की तो मला हाक मारायचा. रोशनी बसली की बराच वेळ काहीच व्हायचं नाही. हात मांडीत, नजर पडद्यावर. ओंकार वैतागायचा. मग एकदम तिचा हात पुढे यायचा आणि खोके सरळ जागच्या जागी. मी एकदा विचारलं, तुला कळतं तरी कसं?

“काकी, शेवटला खोका कुठं जानार ते आधी बगायचं,” ती म्हणाली. “मंग पयल्याला हात लावायचा.”

एवढीशी पोर! मला स्वतःला हे सुचलं नव्हतं.

आनंद व्हायला हवा होता ना? मी शिकवण्या घेणारी बाई — असं पोर सापडावं म्हणून शिकवणारे देव पाण्यात घालून बसतात. मला झाला तो जळफळाट. दीर संध्याकाळी मुद्दाम मागे उभे राहून बघायचे. जाऊबाई भाकरीच्या पिठाने भरलेले हात घेऊन दारात यायच्या. “आमची पोर डोक्याची निंगाली गो,” त्या एकदा मला म्हणाल्या. कौतुकाने, साधेपणाने. आणि मी मनात काय म्हटलं, सांगू? म्हटलं, सही करता येत नाही या बाईला, आणि हिची मुलगी माझ्या मुलाच्या पुढे जाणार? मग माझा ओंकार रोज टाय बांधून शहापूरला कशाला जातो?

दुसऱ्या दिवशी मी तो खेळ काढून टाकला. त्यात व्हायरस होता, असं सांगितलं. त्या वेळी व्हायरस म्हटलं की घरात कुणी पुढे विचारत नसे. नवीन खेळ आणला तो कोड्यांचा, इंग्रजीतला. पाच घरं, पाच माणसं, कुणाचं घर लाल, कुणाकडे मांजर — सगळी वाक्यं वाचून जुळवायची. हा खरा बुद्धीचा खेळ, मी घरभर सांगितलं, तो आधीचा म्हणजे नुसती ढकलाढकली. निवडताना मला माहीत होतं मी काय करतेय? होतं. पुरतं माहीत होतं. रोशनीला एबीसीडीच्या पुढे फारसं येत नव्हतं, ते तिला मीच शिकवलेलं.

ती तरीही बसली. ओंकारकडून वाक्यं वाचून घ्यायची. तो दोन वाचायचा, तिसऱ्याला हसायचा. मग ती उठून माझ्याकडे चुलीपाशी आली. “काकी गो, बिटवीन म्हंजे काय?” नंतर एकदा, “नायदर म्हंजे?” एका शब्दाचं उत्तर होतं. माझ्या तोंडात तयार होतं. मी म्हटलं, “आपलं आपण शोधायचं, त्यातच तर गंमत असते.” ती मान हलवून परत गेली आणि पडद्यासमोर हात मांडीत घेऊन बसली, पहिल्यासारखी. फक्त आता तो हात पुढे येत नव्हता. ओंकारलाही ते कोडं सुटत नव्हतं, पण त्याच्या खुर्चीमागे उभी राहून मी हळूच उत्तरं सांगत होते.

इथवरच असतं तर — तर काय? तर मी ते पोरखेळ म्हणून विसरले असते कदाचित. पण अजून सांगायचं राहिलंय. ते सांगायला जीभ उचलत नाही.

त्याच उन्हाळ्यात दीर एकदा भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळ्याचा राब भाजून आले, हातापायाला राख तशीच. पडवीत टेकले आणि मला म्हणाले, “सुनीता, तुला यातलं कळतं. पाचवीला रोशनीला घालू का शहापूरला, ओंकारच्या शाळंत? झेपंल का पोरीला?” ते विचारत होते म्हणजे मनाची तयारी करून आले होते. माझ्या एका ‘हो’ची खोटी होती. रोशनी त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच उभी होती.

मी म्हटलं, “नाही झेपणार दादा. तिचं डोकं त्यात नाही चालत, त्या कोड्यांच्या खेळात तुम्ही बघितलंच ना. आपल्या गावची शाळा बरी तिला.”

तिच्यासमोर म्हटलं. तिने तांब्या खाली ठेवला. रडली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. दीर म्हणाले, “बरं. तू सांगतेस म्हंजे तसंच आसंल.” संपलं. एवढ्यात संपलं सगळं. त्यानंतर ती कम्प्युटरच्या खोलीत आली ती केर काढायला. कुणी बोलावलं तर हसून म्हणायची, माझं डोकं नाय चालत त्यात. माझंच वाक्य, माझ्याच तोंडचं. मी ते ऐकायचे आणि भाजी निवडत राहायचे.

ओंकार शिकला, ठाण्याला नोकरी करतो, त्याचं बरं चाललंय. म्हणजे वर बसून कुणी माझा हिशेब केला वगैरे तसलं काही झालेलं नाही. रोशनी गावातल्या शाळेत जेवढं होतं तेवढं शिकली, मग घरी बसली, मग लग्न झालं. वैशाखरे गावाजवळ दिली आहे तिला. माणसं चांगली आहेत.

गेल्या गणपतीत ती आली होती, चार वर्षांची मुलगी घेऊन. जेवणं झाल्यावर माझ्याशेजारी येऊन बसली आणि मोबाइल माझ्या मांडीवर ठेवला. “काकी, हिच्यासाठी डोक्याचा गेम तूच निवडून दे. मला काय कळतंय त्यातलं?” लेकीच्या केसांतून हात फिरवत हळूच म्हणाली, “माज्यावर गेली नसली म्हंजे झालं.”

घरात सगळी होती. दीर होते, जाऊबाई होत्या. सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि मी ते मनात जुळवलंही होतं. मला भीती वाटली. त्यांची नाही — तिची, ती माझ्याकडे बघेल त्याची. मी चष्मा लावला, चांगला खेळ शोधला, मोबाइलमध्ये टाकून दिला, कसा खेळायचा तेही दाखवलं.

“तू हायेस म्हणून बरं गो काकी,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “असू दे गं. त्यात काय एवढं.”