खळ्यावरची फुंक

हे लिहायला घेताना संकोच वाटतोय. संशोधनाबद्दल लिहावं ते संशोधन करणाऱ्यांनी. मी समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. प्रबंध कसा लिहितात ते मला येत नाही, आणि जे पाहिलं त्याचा सगळा अर्थ मला लागलाय असंही नाही. तरी लिहितोय, कारण त्या कामात माझा हात होता, आणि त्यात जे चुकलं ते दुसरं कोणी सांगेल असं वाटत नाही. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

माझी आई पिंपळगाव बसवंतला एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडते. खळं म्हणजे पत्र्याची मोठी शेड. ढिगाभोवती बायका बसतात, मोठा कांदा, बारीक गोल्टी आणि सडका वेगळा करतात, आणि दिवसभर सालीचा बारीक धुरळा उडत असतो. आईला खोकला होता, दोनेक वर्षांपासून. विचारलं की म्हणायची, "सगळ्यांनाच हाय." दवाखान्यात चल म्हटलं की तिला नेमकं काहीतरी काम निघायचं.

गेल्या वर्षी नाशिकला वर्गात सरांनी विचारलं, पिंपळगावकडचं कोण आहे? तीन कॉलेजांनी मिळून खळ्यांवर अभ्यास करायचं ठरवलं होतं. मेडिकलच्या डॉक्टर मॅडम बायकांचा श्वास मोजणार होत्या, इंजिनिअरिंगचे एक सर हवेतली धूळ मोजणार होते आणि आमच्या विभागाच्या मॅडम बायकांशी बोलणार होत्या. त्यांना गावातलं कोणीतरी सोबत हवं होतं. मी हात वर केला. खरं सांगायचं तर डोक्यात अभ्यास नव्हता, आईचा खोकला होता. ती दवाखान्यात येत नाही तर दवाखानाच तिच्याकडे नेऊ, असं मनात होतं.

पहिल्याच दिवशी मला एक गोष्ट खटकली. खळ्याचे शेठ या अभ्यासाला इतक्या सहज 'हो' कसे म्हणाले? वर सगळ्यांना चहा पाजला, आणि मुकादमाला सांगितलं, "पाहुण्यांच्या सोबत राहा." बायकांच्या हे माझ्याआधी लक्षात आलं असावं.

"काय रं, सही कशाला पायजे?" आईच्या शेजारी बसणाऱ्या मावशींनी संमतीचा कागद उलटसुलट करून पाहिला. "सरकारचं हाय का शेठचं?"

"कॉलेजचं आहे मावशी. तुमची परवानगी आहे, एवढंच लिहिलंय."

"एवढंच लिहायला दोन पानं लागली व्हय?"

ढिगाभोवती हशा पिकला. आई मान खाली घालून कांदे निवडत राहिली. सह्या झाल्या, पण त्या माझ्या तोंडाकडे बघून झाल्या, कागद वाचून नाही. तेही मला खटकलं.

इंजिनिअरिंगच्या सरांनी नाशिकजवळच्या अंबड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधून बनवून आणलेली पांढरी पेटी खांबाला बांधली. तिच्यावर बारीक हिरवा दिवा लुकलुकायचा. तिसऱ्या दिवशी सर चक्रावले. आकडे सांगत होते की खळ्यातली हवा स्वच्छ आहे. जाऊन पाहिलं तर पेटीला एक जुनी ओढणी चांगली घट्ट गुंडाळलेली.

"दिवा लागतोय म्हंजी ऐकत आसंल," मावशी म्हणाल्या. "आमी शेठला काय काय बोलतो, ते समदं भरून घेईल ती."

सरांनी पेटी उघडून आतला एवढासा पंखा दाखवला. ही फक्त हवा ओढते, कान नाहीत हिला, म्हणाले. बायकांनी पाहिलं, माना हलवल्या, आणि त्या दिवसापासून पेटीजवळ बसणाऱ्या बायका मुक्याने काम करायला लागल्या.

आमच्या मॅडमची गतही वेगळी नव्हती. "घरात निर्णय कोण घेतं?" या प्रश्नावर एकीने उलट विचारलं, "कशाचा? भाजीचा का पोरीच्या लग्नाचा?" मॅडमनी ते आनंदाने लिहून घेतलं. पण "खोकला आहे का?" या प्रश्नाला एकजात सगळ्यांनी "नाय" सांगितलं. एकीला तर ते सांगता सांगताच ठसका लागला, आणि तिने मिरचीच्या फोडणीवर ढकललं. तिथे फोडणी कुठेच नव्हती.

एकाच धुळीच्या मागे तीन माणसं तीन वाटांनी लागली आहेत, याचं मला नवल वाटायचं. डॉक्टर मॅडम तिला छातीत शोधत होत्या, सर हवेत, आमच्या मॅडम बोलण्यात. तिघांपैकी एकाला तरी खरं सापडेल, अशी माझी समजूत होती.

श्वासाची तपासणी वस्तीतल्या समाजमंदिरात ठरली. तुलनेसाठी खळ्यावर न जाणाऱ्या, पण त्याच वस्तीतल्या आणि त्याच वयाच्या बायकाही हव्या होत्या. म्हणून मी काकूला बोलावलं. ती शेजारच्याच घरात राहते, ब्लाउज शिवते. कोणाचं नाव बाहेर जाऊ नये म्हणून प्रत्येकीला नुसत्या नंबराची चिठ्ठी दिली होती. आत जायचं, चिठ्ठी द्यायची आणि कागदी नळीत जीव खाऊन फुंकायचं. चिठ्ठ्या मीच वाटल्या. कोणता नंबर कोणाचा, ती यादीही माझ्याकडेच होती.

मुकादम त्या दिवशी दाराशीच खुर्ची टाकून बसला. "नुसता बघतोय," म्हणाला. मी त्याच्याकडे बघत राहिलो. बायकांच्या रांगेकडे बघायला हवं होतं.

आठ महिने काही कळलं नाही. फोन केला की "काम चालू आहे" असं उत्तर यायचं. आमच्या बायकांचा श्वास नाशिकला नेऊन यांनी आपापले पेपर लिहून टाकले, असं मला वाटायला लागलं. मग एक दिवस नंबर घातलेली बंद पाकिटं आली. यादी बघून मी ती घरोघर वाटली.

आईचा श्वास उत्तम होता. मी कागद दोनदा वाचून दाखवला. ती हसली नाही.

"आन् काकूचा?"

काकूचा कागदही मीच वाचून दिला होता. तो चांगला नव्हता. श्वासाची ताकद बरीच कमी, लवकर पुन्हा तपासणी करावी, असं लिहिलं होतं.

"मशीनचं काय खरं," आई म्हणाली आणि उठून आत गेली. आतून तिच्या खोकल्याचा आवाज आला. श्वास उत्तम आणि खोकला तसाच, हे काही मला जुळेना.

मी तिघांनाही विचारलं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, काकूला जुना दमा असू शकतो. सर म्हणाले, शिवणाच्या बंद खोलीत कापडाची कुसं उडतात, तिथे पेटी लावून बघू. आमच्या मॅडम म्हणाल्या, घरातल्या चुलीचं विचारा, आणि लपवलेल्या दुखण्यांचं विचारा. तिन्ही उत्तरं मला पटली. तिथेच मला पहिल्यांदा भीती वाटली. तीन शहाणी माणसं तीन कारणं देतात आणि तिन्ही खरी वाटतात, म्हणजे मुळातच काहीतरी चुकलेलं नसेल ना?

काकूला नाशिकला न्यायला मला तीन आठवडे लागले. "मला काय धाड भरलीय?" हे तिचं ठरलेलं उत्तर. शेवटी एसटीत बसली, पण वाटभर खिडकीबाहेर बघत राहिली. एरवी ती गप्प बसणारी बाई नाही.

डॉक्टर मॅडमनी तिला तीनदा फुंकायला लावलं. मग नवा कागद जुन्याशेजारी ठेवून त्यांनी एकेक आकडा ताडून पाहिला.

"हे एकाच बाईचे नाहीत," त्या म्हणाल्या. "ही छाती ठणठणीत आहे. त्या दिवशी फुंकलं कोणी?"

मला आधी मशीनचा संशय आला. मग माझ्या यादीचा. काकू पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती.

"तुझी शपथ घातली व्हती तिनं मला," माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "म्हनली, मुकादमाला कळलं तर खळ्यावरून काढत्याल, आन् पोराचं कॉलेज सुटंल. रांगेत चिठ्ठ्या बदलल्या आमी. ती फुंक तुझ्या आईची हाय, दादा."