निखाऱ्यापुढची जागा

"घाई कायची बाप्पा? इस्तो आपलाच हाय."

असं म्हणून तो कोळशाला पंख्याने वारा घाली आणि तळहात निखाऱ्यावर वीतभर उंच धरी. हात किती वेळ टिकतो त्यावरून आच ओळखायची, ही त्याची पद्धत. विस्तवाला त्याच्या गावी, चिखलीजवळच्या उंद्रीकडे, इस्तो म्हणतात. पुण्यातल्या त्या जपानी हॉटेलात हे सांगावं न लागणारा मी एकटाच, कारण मी चिखलीचा.

हॉटेल इझाकाया पद्धतीचं. म्हणजे जपानी लोकांचा गप्पांचा अड्डा: थोडं पिणं, लहान लहान बशांतून खाणं आणि भरपूर गलका. गिऱ्हाईक दारात आलं की आम्ही सगळ्यांनी एका सुरात "इराशाइमासे!" असं ओरडायचं, म्हणजे "या, बसा". बाकीचे लाजत ओरडत. हा मात्र ज्वारीवरची पाखरं हाकलल्यासारखा ओरडे. पहिल्यांदाच आलेली एक बाई दचकून पायऱ्या उतरून गेली होती. मी ऑर्डर घेणारा कॅप्टन, मलाच तिला समजावून परत आणावं लागलं. हा वर म्हणतो कसा, "या म्हनायचं तं पोटातून म्हना ना. वरवर काय म्हनता?"

तो आला होता भांडी घासायला. हॉटेल नवं असताना एक जपानी आचारी काही महिने शिकवायला होता. मोरीपाशी उभ्या या माणसाची नजर सारखी कोळशाकडे जाते हे त्या परक्या माणसाला दिसलं. त्याने याला हाताला धरून निखाऱ्यापुढे आणलं, बांबूच्या काड्यांवर कोंबडीचे तुकडे ओवून भाजायला शिकवलं आणि परत जाताना आपल्या जागी यालाच उभं केलं. हे नीट लक्षात ठेवा. खुद्द जपान्याला याचा चेहरा खटकला नव्हता.

तुम्हीही असे आचारी पाहिले असतील, ज्यांना गिऱ्हाइकापेक्षा पाहुणा जास्त कळतो. एका बशीत तीन काड्या, असा हॉटेलचा नियम. हा चार ठेवी. मॅनेजर तणतणला तर म्हणे, "तीन वाढत नसतेत साहेब. पाव्हन्याचा अपमान होते." आपल्याकडे ताटात तीन पोळ्या कोणी वाढत नाही, तेच. मग त्याने तुकडे लहान करून तेवढ्याच मांसाच्या चार काड्या केल्या आणि मॅनेजरचं तोंड बंद केलं. सहा वर्षांत त्याच्या हातून तीन काड्यांची बशी गेलेली मी पाहिली नाही.

दुःख एकच होतं. गावाकडे थोरल्या भावाला हे काही पटत नव्हतं. सुरुवातीची भांडी भावाच्या मनातून निघालीच नव्हती. चारचौघांत तो म्हणे, "आमचा लहाना पुन्याले लोकायची खरकटी काढते." हा फोनवर सांगून दमला. शेवटी म्हणाला, "दादा, एकडाव ये अन् डोयानं पाह्य."

आणि दादा यायचा ठरला. रविवारी दुपारी. त्या आठवड्यात याने चार वेळा मला बजावलं, "कॅप्टन, निखाऱ्यासमोरची खुर्ची द्याजा त्याले. तोंडासमोरची." मी शब्द दिला.

आता मालकाबद्दल सांगतो. हा गृहस्थ जपानमध्ये चार दिवस राहून आलेला, आणि तेवढ्यावर आम्हाला जपान शिकवणारा. त्याच रविवारी, हॉटेल चालू ठेवूनच, त्याने जाहिरातीचं चित्रीकरण ठेवलं. सकाळी कॅमेरेवाले आले, निखाऱ्यापुढे याला पाहिलं आणि मालकाच्या कानाला लागले. मालक मला म्हणाला, "याला आत पाठव. तो जपानी वाटत नाही."

जपानी वाटत नाही! सहा वर्षं त्याच्या हातचं खाऊन लोक बोटं चाटत होते, तेव्हा कोणाला वाटलं नव्हतं? मग आसामच्या एका वाढप्याला बोलावलं. दोन लेकरांचा बाप तो, जपान त्याने माझ्याइतकंच पाहिलेलं. डोळे तसे आहेत म्हणून त्याच्या डोक्याला पट्टी बांधली आणि हातात चिमटा दिला. तोही बिचारा शरमेने मान वर करेना. एकाला चेहऱ्यामुळे आत कोंडलं, दुसऱ्याला चेहऱ्यामुळे बाहेर उभं केलं, आणि दोघांचाही अपमान करून मालक "लाइट वाढवा" म्हणत फिरत होता. अजून आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आत जायला त्याला सांगितलं ते मी. माझ्या या तोंडाने. त्याने पंखा खाली ठेवला. फक्त म्हणाला, "दादा येऊन राह्यला ना."

दादा आला. पांढरी टोपी, धुतलेलं धोतर, काखेत पिशवी. आमची ती आरोळी ऐकून तो दारात थबकला आणि त्याने सगळ्यांना हात जोडले. मी त्याला शब्दाप्रमाणे समोरची खुर्ची दिली. त्याने निखाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माहा भाऊ कोठी हाय?"

मालक दोन हातांच्या अंतरावर उभा होता. मी म्हणालो, "आत आहे. काम चालू आहे."

"इथं तोच भाजते ना?"

मी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि दुसऱ्या टेबलाकडे वळलो.

बशी आली. आसामवाल्याने कागदावरच्या नियमाप्रमाणे बरोबर तीन काड्या ठेवल्या होत्या, त्याची काय चूक? दादाने बशीकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. शांतपणे म्हणाला, "तो फोनवर सांगे का मीच वाढतो सगळ्यायले. आमच्या घरचा मानूस तीन वाढीन का? भांडेच घासते तो. खोटं काऊन सांगावं पन?"

तो न जेवता उठला. कोणाला आत पाठवून निरोपही दिला नाही.

मी आत जाऊन याला सांगितलं. तो धावत मागच्या दाराने रस्त्यावर गेला आणि थोड्या वेळाने परत आला. रिक्षा निघून गेली होती. मग त्याने फोन लावला. पलीकडून उचलला नाही. संध्याकाळपर्यंत त्याने चित्रीकरणासाठी आत बसून काड्या ओवल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. खोलीवर गेलो तर कुलूप.

जाहिरात छान झाली म्हणतात. मी पाहिली नाही.

पोळ्याला गावी गेलो तेव्हा मुद्दाम उंद्रीला गेलो. वाटलं, तो घरीच असेल, माफी मागू. दादा अंगणात बैलांच्या शिंगांना रंग लावत बसला होता. मला ओळखून उठला, पाणी दिलं.

"तो नाही आला इकडं," तो म्हणाला. "मी नंतर लावला, तं आता त्याचाच फोन बंद येते. कोठी हाय, काय खाते, काईच मालूम नाही."

तो पुन्हा शिंगांकडे वळला. मग त्याने विचारलं, "एक सांगा, खरं सांगाजा. तो त्या इस्त्यापुढं उभा राहे का खरंच?"

"सहा वर्षं," मी म्हणालो. "त्याच्यासारखा भाजणारा मी दुसरा पाहिला नाही."

दादा खाली बसला. रंगाचा हात त्याने तसाच गुडघ्यावर टेकवला.

"मी तुमालेच इचारलं होतं ना त्या दिवशी," तो म्हणाला. "तवा काऊन नाही सांगतलं?"