बुटक्या बंबाचं पाणी

भांड्याची काजळी घासली की जाते, गोष्टी जात नाहीत. त्या थरावर थर साचत राहतात. आमच्या बुटक्या बंबावर तर इतक्या साचल्यात, की नातवंडं आधी किस्सा मागतात, मग चहा.

स्वातंत्र्याच्या चळवळीची वर्षं होती. आमचे कारभारी पायाला गोळी लागून पलटणीतून घरी आले, ते हा बंब घेऊनच. दीड वीत उंच, मधे पोकळ नळी, नळीभोवती पाणी. खाली मूठभर काटक्या पेटवल्या की जाळ नळीतून वर जायचा, आणि एक बिडी ओढून होईस्तोवर पाण्याला आधण यायचं. रानात कुठंही, वारा असो नाहीतर भुरभुर.

सासूबाईंनी तो फिरवून फिरवून बघितला. "ह्यो तर न्हाणीतला बंब. त्येचं पाणी अंगावर घ्यायचं. च्या करत्यात व्हय त्येचा?"

"आई, आमची सगळी पलटण ह्येचाच च्या पीत हुती."

"म्हणूनच एवढी माणसं मेली."

आणि त्यांनी म्हसवडच्या नाथाची शपथ घेतली, की या बंबाचं पाणी ओठाला लावणार नाही. शपथ गावभर सांगूनही आल्या.

*

शेजारच्या सखारामला तो बंब फार खुपायचा. फौजी माणूस, म्हणजे दारूच गाळत असणार, असा त्याचा हिशेब. एकदा आम्ही मोटेकडे वळलो तसं त्यानं उकळता बंब तोंडाला लावला. भाजलेली जीभ घेऊन गावात सांगत सुटला, "दारूच हाय. लय कडक."

*

सासूबाई ते पाणी पीत नव्हत्या, पण पाण्याचं भांडं उघडं ठेवलेलंही त्यांना बघवायचं नाही. एकदा खाली जाळ असताना त्यांनी बंबाचं बूच गच्च बसवलं. थोड्या वेळानं असा बार झाला, की बूच बाभळीवर आणि कारभारी पाटाच्या चिखलात उपडे.

सासूबाई म्हणाल्या, "ह्यानं लढाई मारली म्हणं."

तो बार सखारामनंही ऐकला.

*

माझा धाकटा भाऊ चळवळीत होता. पोलीस त्याच्या मागावर, आणि तो आमच्या उसात लपलेला. चूल मांडली असती तर धूर लांबवर दिसत राहिला असता. बंबाचा धूर कुणाच्या नजरेत भरेस्तोवर चहा होऊन जायचा. हे फक्त कारभाऱ्यांना आणि मला ठाऊक. सासूबाईंना सांगितलं नव्हतं. त्यांच्या पोटात काही राहत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

एक दिवस त्या माझ्या पाटीत डोकावल्या. "दोघं जाताय, पेलं तीन कशाला?"

"एखादा फुटला तर, आत्याबाई."

"जर्मनच्या पत्र्याचा पेला फुटतो व्हय गं?"

मी पदर सारखा करत राहिले. दुसऱ्या दिवसापासून त्या भाकरी घेऊन स्वतः रानात यायला लागल्या. म्हटलं, झालं. आता पाळत घरातूनच.

*

शेवटी सखारामनं तो बार बंदुकीचा होता, अशी खबर चौकीवर पोचवली. फौजदार शिपायांना आणि त्याला घेऊन रानात आले, तेव्हा मी नुकताच चहा ओतला होता. बुटांचा आवाज आला तसा भाऊ उसात शिरला. तिन्ही पेले बांधावर वाफाळत राहिले.

फौजदारांनी बंबाच्या नळीला डोळा लावून बघितलं. "हे काही हत्यार नाही." मग पेल्यांकडं बोट केलं. "तुम्ही दोघं नवराबायको. हा तिसरा कुणाचा?"

मी बंबाखालच्या काटक्या सारायला लागले.

"माझा," मागून सासूबाई म्हणाल्या. डोक्यावर भाकरीची पाटी.

सखाराम पुढं झाला. "सायेब, खोटं हाय. काकीनं नाथाची शपथ घेतलीया, ह्या बंबाचं पाणी पिणार न्हाई म्हणून. समद्या गावाला ठावं हाय."

फौजदार सासूबाईंकडं बघत राहिले. उसाचं पान हलत नव्हतं.

सासूबाईंनी पाटी उतरवली, बांधावर बसल्या, पेला उचलला आणि फुंकर न घालता तळापर्यंत प्यायल्या. पदरानं तोंड पुसून मला म्हणाल्या, "गूळ कमी पडला गं."

फौजदार आले तसे गेले.

दुसऱ्या दिवशी मी रानात न्यायची पाटी उचलली, तर आत पेले चार होते.